रकान्यात न मावलेलं

पुण्यात बरीच वर्षं मी परदेशी विद्यार्थ्यांबरोबर आणि संशोधकांबरोबर हिंडायचं काम केलं. या कामाला धड नाव नाही. विमानतळावरून आणायचं, पोटाला सोसेल असं जेवण कुठे मिळतं ते सांगायचं, एसटीत जागा धरायची आणि मग जेजुरीला, आळंदीला, पंढरपूरला त्यांच्या प्रश्नावल्या घेऊन लोकांपुढे बसायचं. प्रश्न त्यांचे, आवाज माझा. आमच्या शेजारच्या काकू मला ‘गोऱ्यांची गाइड’ म्हणतात. त्यात थोडं कौतुक असतं आणि थोडं दुसरंच काही. मी हे काम धरलं ते पैशांसाठी आणि इंग्रजी सुधारेल म्हणून. आपल्याच माणसांविषयी मला काही शिकायचं राहिलं असेल, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं. पुढचं जसं आठवलं तसं लिहिलं आहे. आकडे घातलेत ते केवळ सवयीनं. प्रश्नावल्यांनी एवढं तरी वळण लावलं.

१. प्रश्न विचारण्याआधीच उत्तराची जागा आखून झालेली असते, हे मला जेजुरीच्या पायऱ्यांवर कळलं. हातातल्या कागदावर होतं : तुमचा धर्मग्रंथ कोणता, त्यातला किती वाचलाय, आणि देवावर तुमची श्रद्धा एक ते पाच यांपैकी किती. समोर फलटणकडचे एक धनगर आजोबा, घरचे टाक घेऊन देव भेटवायला आलेले. ग्रंथाचा रकाना कोराच राहिला. श्रद्धेचं विचारल्यावर त्यांनी त्या मुलीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “बाई, देव हाय त्यो आमचा. त्यात श्रद्धा कुठनं आणायची?” आणि मग ते अर्धा तास बोलले. थोरल्याच्या लग्नानंतर जागरण कुठल्या वाघ्या-मुरळीनं घातलं, तळी कुणी उचलायची, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत-रोडगा झाल्याशिवाय घरात वांगं का शिजत नाही, एका वर्षी दुष्काळात वारी चुकली तेव्हा काय झालं. सगळं करण्याविषयी. मानण्याविषयी एक वाक्य नाही. शेवटी त्या मुलीनं आणि मी मिळून श्रद्धेपुढे ‘पाच’ लिहिलं आणि बस धरली. ग्रंथ, त्यातली वचनं आणि त्यांवरचा विश्वास ही धर्माची ओळख ख्रिस्ती जगात, त्यातही प्रॉटेस्टंट जगात, घडली. तिथे ती चोख बसते. त्या आजोबांच्या घरी जागरण झालं नाही तर मात्र अडतं; मनात काय आहे यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

२. असला कागद घेऊन फिरणारी मी पहिली नव्हे, हे पुढे वाचनात आलं तेव्हा जरा बरं वाटलं. १९११च्या जनगणनेच्या वेळी आयुक्त ई. ए. गेट यांनी प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना कसोट्यांची एक यादी धाडली होती. हिंदू म्हणून नोंदल्या जाणाऱ्या कोणत्या जाती ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व मानत नाहीत, वेदांचं प्रामाण्य मानत नाहीत, कोणाला देवळात जाता येत नाही, कोण मोठ्या देवांची पूजा करत नाही, कोण प्रेतं पुरतं, कोण गोमांस खातं. अशा दहा. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेली उत्तरं वाचण्यासारखी आहेत. हिंदू म्हणून मोजलेल्यांपैकी पाव लोक ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व आणि वेदांचं प्रामाण्य नाकारणारे निघाले, एक तृतीयांशांना देवळाची दारं बंद होती, निम्म्यांना दहन सक्तीचं वाटत नव्हतं आणि पाचातले दोन गोमांस खाणारे होते. आमच्या वऱ्हाडातले हे लोक. माझं आजोळ तिकडचं आहे, त्यामुळे मला त्या पाव आणि तृतीयांशात ओळखीचे चेहरे दिसायला लागले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी साहेबाला हसले. माप घेऊन आला आणि अंगरखा बसेना. पण याच जनगणनेतल्या कसोट्या आणि त्यांना आलेली उत्तरं बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये पुरावा म्हणून घेतली आहेत आणि अस्पृश्यता कुठून आली याचा माग काढायला वापरली आहेत. देवळाबाहेर उभ्या असलेल्या तृतीयांशाला साहेबाचं माप चुकीचं होतं की बरोबर, यापेक्षा आपण बाहेर आहोत हे कुणीतरी सरकारी कागदावर लिहिलं, हे जास्त महत्त्वाचं असणार. माझं हसू ही आत उभ्या असलेल्याची चैन होती. याकडे परत यावं लागणार आहे.

३. परंपरा म्हणजे जुनं, असं मी धरून चालले होते. एकादशीच्या ताटानं ते मोडलं. एका वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मी घरी उपासाला जेवायला बोलावलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर हिरवी मिरची. तो पोर खाता खाता बोटं मोजायला लागला. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा, मिरची, रताळं, सगळी मंडळी त्याच बाजूची, आणि इकडे आली ती बरीचशी पोर्तुगिजांच्या गलबतांतून. साबुदाण्याचे सेलमचे कारखाने तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. म्हणजे वेदकाळापासून इथे असलेले जव, गहू, तांदूळ उपासाला चालत नाहीत आणि कोलंबसानंतर आलेलं सगळं चालतं! तो खूश झाला. त्याला एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांचं १९८३चं ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ आठवलं : पुरातन म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी प्रथा कालपरवा रचलेल्या असतात.

माझ्या सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांना हे सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग? धान्य नाही ना ते?” आणि वाढायला लागल्या. नियम धान्य वर्ज्य करण्याचा होता. साबुदाणा किती साली आला हे त्या नियमात कुठेच नव्हतं. जुनं असेल तरच खरं, आणि नवं निघालं की लबाडी पकडली गेली, हा हिशेब त्या पोरानं आणला होता आणि मीही तो मुकाट्यानं मांडून बसले होते. (दाण्याची आमटी त्यानं तीनदा घेतली, हेही नोंदवून ठेवते.)

४. आपली परंपरा शुद्ध ठेवण्याची काळजी कधी कधी आपल्यापेक्षा पाहुण्याला जास्त असते. याचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे पेटी. हार्मोनियम फ्रान्समधली; १८४०च्या सुमारास तिथे तिचं पेटंट झालं. इथे येऊन ती जमिनीवर बसली, भात्याला डावा हात आला, आणि कीर्तन, भजन, संगीत नाटक, लावणी अशी सगळीकडे शिरली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला गायकाच्या गळ्यामागून चालायला लावलं. आणि मग १९४० साली आकाशवाणीवर तिला बंदी झाली. तिचे सूर ठोकून बसवलेले, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत, भारतीय संगीताला ती मारक, असा आक्षेप होता. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथ टागोरांनाही ती नकोशी होती. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. एवढी वर्षं गावोगावच्या भजनी मंडळांत मात्र पेटी, मृदंग आणि टाळ यांचा संसार चाललेला होता.

आक्षेप संगीताच्या दृष्टीनं खोटा नव्हता. माझे कान तेवढे तयार नाहीत, पण जाणकार आजही तेच म्हणतात. मला गंमत वाटते ती वेगळीच. माझ्याबरोबर आलेल्यांपैकी कितीजण देवळात भजन चालू असताना पेटी चौकटीत येणार नाही अशा बेतानं फोटो काढायचे. प्लॅस्टिकची खुर्ची, एलईडीची माळ, पेटी, तिन्ही बाहेर.

५. मूळ कोणतं, हा प्रश्न मला फार दिवस अगदी निरुपद्रवी वाटत होता. पुण्यात राहून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा अभिमान नसणं अवघड, आणि तिथली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तर आमचा मानबिंदू. पाहुण्यांना मी ती कौतुकानं सांगायची. कल्पना मूळची युरोपातली : विंटरनित्स या विद्वानानं १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत ती मांडली, तिथल्या अकादम्यांनी हातात घेतली आणि पहिल्या महायुद्धात ती बारगळली. मग पुण्यानं उचलली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी लाखाचा शब्द दिला, १९१९ला काम सुरू झालं, १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक. ते बर्लिनला शिकलेले. तिथली पद्धत अशी की हस्तलिखितांच्या चुका ताडून त्यांची वंशावळ लावायची आणि सगळ्यांच्या पूर्वजाकडे पोचायचं. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, इतक्या लिप्यांतली १,२५९ हस्तलिखितं ताडली गेली. १९६६ला काम पुरं झालं. तेव्हा सुकथनकरांना जाऊन २३ वर्षं झाली होती.

आणि या खटाटोपाअंती काय झालं? व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही गोष्ट मुख्य संहितेतून निघून परिशिष्टात गेली. गणपतीला परिशिष्टात धाडलं, आणि तेही पुण्यात! वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तोही खाली टिपांत गेला. ते सभापर्व संपादणारे फ्रँकलिन एजर्टन हे अमेरिकन. हे ऐकून आमच्या वाड्यातले एक कीर्तनकार बुवा चिडतील अशी माझी खात्री होती. ते शांतपणे म्हणाले, “जुन्या पोथ्यांत नसेल. माझ्या कीर्तनात आहे.”

बुवांच्या बाजूनं उभं राहून पाश्चात्त्य पद्धतीला नावं ठेवायची माझी तयारी झाली होती. तेवढ्यात कुणीतरी सुकथनकरांची प्रस्तावना वाचायला दिली. ते स्वतःच सांगतात की हे व्यासांचं मूळ नव्हे. हाती आलेली हस्तलिखितं जेवढं मागे नेतात तेवढंच हे आहे, आणि महाभारत हा एका जागी थांबलेला ग्रंथ कधी नव्हताच. बर्लिनहून आणलेली पद्धत त्यांनी काटेकोर चालवली आणि ती कुठे थकते तेही लिहून ठेवलं. त्या खंडांतली पानं कधी उघडून बघा. वर चार ओळी संहितेच्या, आणि खाली अर्धं पान पाठभेदांनी गच्च भरलेलं : काश्मीरवाला काय म्हणतो, केरळवाला कुठे वळतो, बंगाल्यानं काय भर घातली. मूळ शोधायला निघालेल्यांनी एकही फांदी टाकून दिली नाही. मी आता पाहुण्यांना तळटिपाच आधी दाखवते.

६. जतन करणं म्हणजे हात न लावणं, ही कल्पना संग्रहालयातून आली असावी. देव्हाऱ्यातले टाक रोज न्हाऊन न्हाऊन झिजतात, खंडोबाच्या घोड्याचे पाय दिसेनासे होतात, मग सोनाराकडे देऊन नवे घडवतात. जुनी चांदी पुष्कळदा त्यातच आटते. एका बाईंना, त्या कुठल्याशा संग्रहालयासाठी टाक विकत घेत हिंडत होत्या, हे ऐकून खरोखर वेदना झाल्या. त्यांच्या दृष्टीनं दीडशे वर्षांचा पुरावा मुशीत गेला होता. पंढरपूरला हाच पेच मोठ्या आकाराचा आहे. विठोबाच्या पायावर डोकं टेकवायचं, एवढ्यासाठी लोक आषाढीत एकेक दिवस रांगेत उभे राहतात. दगड आहे, झिजणारच. पुरातत्त्व खात्याचे लोक येतात, वज्रलेप होतो, काही दिवस पदस्पर्श बंद राहतो, पुन्हा सुरू होतो. मूर्ती वाचवायची तर स्पर्श थांबवा, असं शास्त्र सांगतं. स्पर्श थांबला तर वाचवलेल्या मूर्तीचं काय करायचं, हे वारकऱ्यानं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. लेप द्यायचा आणि पुन्हा झिजू द्यायचा, ही सध्याची तडजोड मला दोन्ही बाजूंच्या विद्वानांपेक्षा शहाणी वाटते.

७. पाश्चात्त्यांना उत्तर द्यायच्या नादात आपण त्यांच्याहून पाश्चात्त्य होतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी एक तरी ‘वैज्ञानिक कारण’ येतं. कुंकवानं कपाळावरची नस दाबली जाते, जोडव्यांनी गर्भाशयाला चालना मिळते, घंटेच्या नादानं मेंदूचे दोन्ही भाग जुळतात, आणि हे सगळं नासानं मान्य केलेलं असतं. माझ्या आजीनं कधी नस दाबायला कुंकू लावलं नाही. तिला कुणी तसं सांगितलं असतं तर नस दाबायला दुसरं काही मिळालं नाही का, असं तिनं विचारलं असतं.

८. नीती कुठे सुरू होते आणि रीत कुठे संपते, याची सीमा सगळीकडे एकाच जागी नसते. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर या तिघांनी भुवनेश्वरच्या जुन्या देवळांच्या वस्तीतल्या लोकांना आणि शिकागोतल्या लोकांना तेच तेच प्रसंग सांगून मतं विचारली होती. तो अभ्यास १९८७ साली छापून आला. त्यातला एक प्रसंग : वडील वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोकरांना यात नीतीचा प्रश्नच दिसेना. केस त्याचे, जेवण त्याचं, कुणाला इजा झाली? भुवनेश्वरात हा अगदी गंभीर अपराधांपैकी एक ठरला. पुढे २०१०मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ‘माणूस असा वागतो’ असं म्हणत मानसशास्त्रानं जे प्रयोग केले, त्यांत भाग घेणारे जवळजवळ सगळे पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले आहेत, आणि जगाच्या लोकसंख्येत हे देश मोजून १२ टक्के. त्यातही बरेचसे कॉलेजातली पोरं. हे दोन्ही अभ्यास मुख्यतः तिकडच्याच विद्यापीठांतल्या लोकांनी केले, हे विसरून चालणार नाही.

हे सगळं मी पाठ केलं होतं आणि स्वतःला शिकागोच्या बाजूला धरत होते. सुतक-बितक मी मानत नाही, असं दहा ठिकाणी बोललेले. बाबा गेले त्या दिवशी शेजारून कडू घास आला. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक मीच करत होते. तेराव्यापर्यंत माझ्या हातून कढईत मोहरी पडली नाही. कुणी सांगितलं नव्हतं. आई तर म्हणाली, घाल की फोडणी, नुसतं वरण किती दिवस खायचं. मला जमलं नाही. यात श्रद्धा किती, एक ते पाच, हे मलाही सांगता यायचं नाही.

९. ‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ हे वाक्य फार उपयोगी आहे, म्हणून मी ते हल्ली जपून वापरते. अडचणीचा कुठलाही प्रश्न त्यानं दाराबाहेर घालवता येतो. जातीचा तर सर्वांत आधी. मी ऐकलेलं आहे : जातिभेद जनगणनेनं वाढवला, स्त्रीमुक्ती मिशनऱ्यांनी आणली, आपल्याकडे सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. इंग्रजांनी रकाने पाडले आणि त्या रकान्यांनी जाती आणखी घट्ट केल्या, यात पुष्कळ तथ्य आहे. पण चोखामेळ्यासमोर इंग्रजाचा रकाना नव्हता. तो चौदाव्या शतकात पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर उभा राहिला आणि आजही त्याची समाधी तिथेच पायरीजवळ आहे. ते दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, इंग्रज जायला तीन महिने उरले असताना.

इरावती कर्व्यांचं मला म्हणूनच फार अप्रूप आहे. १९२०च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला गेल्या. युरोपीय माणूस अधिक तर्कबुद्धीचा, म्हणून त्याची कवटी एका बाजूला वेगळी वाढलेली असणार, अशी त्यांच्या मार्गदर्शकाची अटकळ होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या आणि असा काही फरक सापडत नाही, असं लिहून दिलं. चिपळूणकरांपासून आजपर्यंत जे कितीकांनी भाषणांतून केलं, ते त्यांनी मोजपट्टीनं केलं. पुढे त्या वारीला चालत गेल्या आणि ‘वाटचाल’ लिहिलं. त्यात वारीचा आनंद आहे, आपण महाराष्ट्राचे म्हणजे काय याची समजूत आहे, आणि तिथेच हेही आहे की एका दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायका सोबत गात चालतात आणि जेवायला वेगळ्या बसतात. ते त्यांना सलतं. तो सल त्यांना बर्लिनला मिळाला की पंढरीच्या वाटेवर, याचा निवाडा करत बसणं मला आता जमत नाही. जोतीरावांनी १८७३ला ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. ताराबाई शिंद्यांनी १८८२ला बुलढाण्यात बसून ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. दोघांनाही ‘बाहेरचं वारं लागलेले’ म्हणता येईल. म्हणणारे तेव्हाही होते.

वारीत मी परदेशी पाहुण्यांना घेऊन गेले की ते हमखास विचारतात : इथे सगळे समान, ना? पूर्वी मी मान हलवायची. हो म्हणणं सोपं असतं. त्यांना तेच हवं असतं आणि आपल्यालाही.

१०. परका आहे म्हणून कळायचं नाही, हेही तितकंच तकलादू. गुंथर सोंथायमर हा जर्मन माणूस हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्याचा अभ्यासक. कायद्याच्या पोथ्यांत त्याला बहुधा माणसं पुरली नसावीत. तो धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसायला लागला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचं त्याचं पुस्तक १९७६ला जर्मनमध्ये आलं, १९८९ला इंग्रजीत. धनगरांच्या ओव्या त्यानं रात्र रात्र बसून ध्वनिमुद्रित केल्या. त्याच ओव्या चालल्या होत्या तेव्हा तिथून वीस मैलांवर आम्ही कॉलेजात संस्कृतीवर निबंध लिहीत होतो, आणि त्यात धनगर नव्हते. जेजुरीत म्हातारी माणसं अजून त्याची आठवण काढतात ती विद्वान म्हणून नव्हे. “मुक्कामाला असायचा,” एवढंच सांगतात.

११. प्रश्नावली उलटी फिरवता येते, आणि ती फार पूर्वीच फिरवणारी एक बाई आपलीच होती. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. परत आल्यावर १८८९ला त्यांनी मराठीत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध केलं. तिथलं सरकार, शाळा, घरं, बायकांच्या संस्था, सगळ्यांकडे त्या तशाच बघतात जसे तिकडचे प्रवासी आपल्याकडे बघत आले : कुतूहलानं, कौतुकानं, आणि वर्णद्वेषाची गोष्ट निघाली की न बिचकता. मीरा कोसंबींनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आहे. नव्यानं येणाऱ्या अमेरिकन मुलामुलींना मी हल्ली तेच आधी वाचायला देते. त्यातून एक वेगळाच प्रकार सुरू झाला आहे. परवा मिनेसोटाची एक मुलगी ते वाचून आली आणि जराशी घुश्श्यात होती. सगळं बरोबर असेल, म्हणाली, पण आपल्याला असं कुणीतरी बघितलं की कसंतरी होतं. मी चहा ठेवला आणि तिचीच वही पुढे ओढून विचारलं : तुमच्याकडे थँक्सगिव्हिंगला टर्की का करतात? असते, म्हणाली. तिचा अर्थ काय? तिनं बराच वेळ विचार केला. यात्रेकरू, पहिला हंगाम, असं काहीतरी शाळेतलं सांगितलं आणि स्वतःच हसली. मग एकदम खुलून सांगायला लागली की टर्कीचं जाऊ दे, ती कुणाला फारशी आवडतही नाही, पण सोबत क्रॅनबेरीचा सॉस लागतो. तिच्या आईनं एका वर्षी ताज्या फळांचा घरी केला तर मामानं ताट बाजूला सारलं. तो डब्यातलाच हवा, आणि थाळीत सबंध उपडा केल्यावर त्यावर डब्याच्या वळ्या उमटलेल्या दिसायला हव्यात. का म्हणून विचारलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं वही मिटली. शास्त्र असतं ते.